नव्या माणसासाठी लिहिलेले वऱ्हाड

मागच्या रमजान ईदला माझी भाची पुण्याहून अकोल्याला आली. एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून तिला चार महिने झाले होते. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन ती म्हणाली, "मामू, चार महिन्यांतले दोन महिने मी फक्त विचारत फिरले."

तिच्या हाती आलेले सॉफ्टवेअर बारा वर्षे जुने. विम्याच्या दाव्यांचा हिशेब ठेवणारे. ज्यांनी ते लिहिले त्यांतले बहुतेक जण कंपनी सोडून गेलेले. पहिल्या दिवशी तिला लॅपटॉप मिळाला, पासवर्ड मिळाला आणि एक वाक्य मिळाले, "कोड वाच, कळेल." ते सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर नुसते चालू व्हायला नऊ दिवस लागले, कारण त्यासाठी लागणारी एक सेटिंग एकाच सिनियरच्या डोक्यात होती आणि तो बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होता. प्रत्येक दाव्याला एक स्थिती असते : १ म्हणजे आलेला, २ म्हणजे तपासात, ३ म्हणजे मंजूर, असे. पण काही दाव्यांवर ७ लिहिलेले. या साताचा अर्थ कोणालाच सांगता येईना. "हात लावू नको, काहीतरी बंद पडेल," एवढेच सगळे सांगत.

आता तिच्या साहेबांनी तिलाच काम दिले होते. तू नवीन आहेस, कुठे अडलीस ते तुला आठवते, तेव्हा पुढच्या इंजिनिअरसाठी ओळखीचे टिपण तूच लिही. त्यांच्या भाषेत त्याला ऑनबोर्डिंग डॉक्युमेंट म्हणतात. तिचा प्रश्न साधा होता. सुरुवात कुठून करायची? काय लिहायचे आणि काय सोडायचे?

मला कोडमधले काही कळत नाही. मी इतिहास वाचणारा माणूस. पण तिचे ऐकताना वाटले की हा प्रश्न आपल्या वऱ्हाडाच्या ओळखीचा आहे. कारण वऱ्हाड हा सारखा हात बदलत गेलेला मुलूख आहे, आणि दर वेळी नव्या माणसाला तो समजावून देण्याची वेळ कोणावर तरी आली आहे.

बहमनी राज्य मोडले तेव्हा १४९० मध्ये फतहुल्ला इमादुलमुल्क अचलपूरला स्वतंत्र झाला आणि इमादशाही सुरू झाली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. १५९६ मध्ये चांदबीबीला अहमदनगरचा वेढा उठवण्यासाठी वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामुल्मुल्क दख्खनचा धनी झाला. पुढे नागपूरकर भोसले वसुलीत वाटेकरी झाले, म्हणजे एका गावाला दोन मालक. १८०३ मध्ये अडगाव आणि गाविलगड इथे भोसल्यांचा पराभव झाला. १८५३ मध्ये निजामाकडच्या कर्जापोटी इंग्रजांनी वऱ्हाड कारभाराला घेतले. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

राजे बदलले त्याच्या कथा आपण ऐकतो. पण प्रत्येक बदलानंतरच्या पहिल्या सकाळी एक अनोळखी अधिकारी कचेरीत येऊन बसतो आणि विचारतो, इथे कोण काय करतो? कोणाला काय म्हणतात? पैसा कुठून येतो? या प्रश्नांची उत्तरे कोणी, कशी लिहिली, तो इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही.

अबुल फजलची पुरवणी

अकबराचा स्नेही अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. आपण तिला इतिहासाचा ग्रंथ म्हणतो, पण तिचा मोठा भाग इतिहास नाहीच. टांकसाळ कशी चालते, घोड्याला किती दाणा, मनसबदाराला किती पगार, कोणत्या सुभ्यात किती सरकार आणि किती परगणे, अशी ती राज्य चालवण्याची माहिती आहे. ज्याला उद्या या यंत्रणेत काम करायचे आहे, त्याला ती कामी यावी अशी तिची मांडणी.

तिचा इंग्रजी अनुवादक ब्लॉकमन एक गोष्ट नोंदवतो. 'आईन' अकबराच्या कारकिर्दीच्या ४२व्या वर्षी पुरी झाली, पण ४३व्या वर्षी तिच्यात थोडी भर घालावी लागली, आणि त्याचे कारण वऱ्हाडचा विजय. म्हणजे ग्रंथ लिहून झाला होता आणि नवा सुभा आला. अबुल फजलने नवे पान जोडले. मी हे सांगितल्यावर भाची हसली, "म्हणजे व्हर्शन बदललं, म्हणून डॉक्युमेंट अपडेट केलं!"

त्या पानावर काय आहे ते पाहण्यासारखे आहे. आधी नाव. या मुलखाचे मूळ नाव 'वरदातट', वरदा म्हणजे वर्धा नदी आणि तट म्हणजे काठ. मग सरकारांची यादी : गाविल, नरनाळा, बाशीम, मेहकर, माहूर, पौनार, खेरळा, पाथरी आणि इतर. मग कोणत्या किल्ल्यात काय. गाविलगडावर एक झरा आहे, त्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात. बाळापूरजवळ दोन नद्या आहेत, त्यांच्या काठी रंगीत दगड सापडतात. तिथून थोड्या अंतरावर शहजादा मुरादने तळ दिला होता, त्याचे शाहपूर नावाचे शहर झाले. मेहकर सरकारात लोणारचे सरोवर आहे, तिथे काच आणि साबण करायला लागणारा माल निघतो आणि त्यावर सरकारला उत्पन्न मिळते. गोंड राजांकडे किती स्वार, किती पायदळ, किती हत्ती. इथला टंका दिल्लीच्या टंक्याएवढा नाही, म्हणून हिशेब करताना सावध.

आणि या सगळ्यात एक वाक्य आहे, जे मला फार मोलाचे वाटते. अबुल फजल सांगतो की या मुलखात चौधरीला देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी.

या एका वाक्याची किंमत आग्र्याहून किंवा लाहोरहून आलेल्या अंमलदाराच्या जागी बसून पाहावी. त्याला चौधरी कोण ते माहीत आहे, पटवारी कोण ते माहीत आहे. इथे कचेरीत लोक देशमुख, कुलकर्णी अशी नावे घेतात. ही जात आहे, आडनाव आहे की हुद्दा? हे चार शब्द कळेपर्यंत त्याचे महिने गेले असते, आणि तोवर ज्यांना हे शब्द माहीत आहेत त्यांच्या मुठीत तो राहिला असता. अबुल फजलने ते चार शब्द लिहून ठेवले आणि नवख्याचे अवलंबून राहणे एका ओळीत कमी केले.

मी भाचीला म्हणालो, तुझ्या टिपणाचे पहिले पान हेच. शब्दांची यादी. तुमच्या कंपनीत कशाला काय म्हणतात. साताचा अर्थ काय. बाहेरून आलेल्या माणसाला जो शब्द ओळखीचा आहे त्याच्यापुढे तुमचा शब्द.

या वाक्यात आपल्यासाठी आणखी एक गंमत आहे. देशमुख, पाटील ही वऱ्हाडात फक्त हिंदूंची आडनावे नाहीत. अकोला, अमरावती, बुलढाण्यात मुसलमान देशमुख आहेत, मुसलमान पटेल आहेत. ज्यांना या आडनावाच्या मुसलमानाचे आश्चर्य वाटते, त्यांनी अबुल फजलचे ते पान वाचावे. हे हुद्दे होते. काम ज्याच्याकडे, नाव त्याच्याकडे. घरात धर्म बदलला, तरी हुद्दा घरातच राहिला.

पानावर जे नव्हते

पण 'आईन'चे पान हातात घेऊन एखादा अंमलदार वऱ्हाडातल्या गावी गेला असता तर त्याचे काम झाले असते का? अर्धेच.

वरच्या कचेऱ्यांचा कारभार फारसीत होता, आणि हिशेब 'सियाक' नावाच्या आकड्यांच्या लिपीत. ती शिकवण्यासाठी मुनशींनी पुस्तके लिहिली. कारभाराच्या नियमांच्या अशा पुस्तकांना 'दस्तूर-उल-अमल' म्हणत. गावचा हिशेब मात्र मराठीत आणि मोडीत. दख्खनच्या सुलतानांच्या काळापासून ही रीत होती. मधला पूल देशपांडे आणि कुलकर्णी. कोणते शेत कोणाचे, कोणती जमीन मशिदीच्या दिवाबत्तीसाठी इनाम, कोणती देवस्थानाची, कोणत्या वर्षी दुष्काळ म्हणून किती सूट दिली होती, हे सगळे त्यांच्या दप्तरात आणि दप्तरापेक्षा त्यांच्या डोक्यात.

राजे बदलले तरी हा माणूस बदलला नाही, याचे कारण इथे आहे. त्याला काढून टाकले तर गावच वाचता येणार नव्हते. भाचीच्या कंपनीतला तो रजेवर गेलेला सिनियर म्हणजे आमचा जुना कुलकर्णी. तो वाईट माणूस होता असे नाही. पण जे ज्ञान एकाच्याच डोक्यात राहते त्याची सत्ता होते, त्याने मागितली नाही तरी.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर निजामाच्या सरकारने वऱ्हाडची वसुली सावकारांना मक्त्याने दिली. आधी पुरणमल, मग पेस्तनजींची पारशी पेढी. पेस्तनजींनी कापसाच्या व्यापारासाठी पुष्कळ केले, हे खरे. पण मक्तेदाराला मुदतीत पैसा काढायचा असतो. पुढे येणाऱ्या माणसासाठी लिहून ठेवण्याचे त्याला काही कारण नसते. आजही ज्या कामावर दर सहा महिन्यांनी कंत्राटी माणूस बदलतो, तिथे हेच होते. प्रत्येक जण आपल्यापुरते चालवतो आणि निघून जातो.

कुदळ आणि तक्ता

१८५३ नंतर वऱ्हाडात इंग्रज अधिकारी आले आणि त्यांच्यापुढे तोच जुना प्रश्न आला. जमिनीवर सारा किती बसवायचा? त्याचे उत्तर त्यांनी मुंबई इलाख्यातून आणले, आणि त्या उत्तरामागे एक फसलेला प्रयोग होता.

पुण्याकडे १८२८च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची मोजणी आणि आकारणी केली होती. त्याची पद्धत कागदावर फार हुशार होती. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, लागवडीचा खर्च वजा करायचा, उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सरकारचा. पण हे किचकट हिशेब खालच्या नव्या कारकुनांवर सोपवले होते. त्यांना ते झेपले नाहीत, काहींनी लाच खाऊन आकडे फिरवले, आणि वर बसलेल्याला चूक कुठे आहे हे शोधता येईना. सारा जड झाला, शेतकरी जमिनी टाकून गेले.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. पुढे १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी मिळून आपली पद्धत एका अहवालात लिहिली. तो 'जॉइंट रिपोर्ट' म्हणून ओळखला जातो. मोजणीखात्यात नव्याने येणाऱ्याला काय करायचे हे त्यात सांगितले आहे. आणि तसे का करायचे, हेही.

पद्धत अशी. शेताचे सारखे भाग पाडायचे. प्रत्येक भागात कुदळीने खणून माती किती हात खोल आहे ते पाहायचे. माती काळी, तांबडी की बरड, ते पाहायचे. तक्त्यात रंग आणि खोली जुळवली की जमिनीची प्रत मिळते. प्रती नऊ, सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत. मग दोष पाहायचे : चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणे, ओढ्याचे पाणी वरून वाहणे, असे सात. प्रत्येक दोषाला एक छोटी खूण ठरवलेली. एक खूण म्हणजे एक प्रत खाली. नकाशावरच्या चौकटीत खुणा मांडायच्या आणि सरासरी काढायची.

यात थोर विद्या काही नाही. पण कालच भरती झालेला माणूस कुदळ आणि तक्ता घेऊन हे करू शकतो, आणि त्याच्यावरचा अधिकारी उद्या त्याच शेतात जाऊन पुन्हा खणून त्याने बरोबर केले का ते पाहू शकतो. तसे तपासणे हा पद्धतीचाच भाग होता. वऱ्हाडात १८६०च्या दशकात हीच पद्धत लावली गेली. आपण आजही 'सर्व्हे नंबर' आणि 'आकार' म्हणतो, ते शब्द तिचेच. भूमिअभिलेखच्या कचेरीत आकारबंद मागायला गेलेल्या माणसाला ठाऊक असो वा नसो, तो त्या कुदळीचाच हिशेब मागत असतो.

हे ऐकून भाचीने वही काढली. प्रिंगलच्या गोष्टीतून तिने घेतलेला धडा माझ्यापेक्षा नेमका होता. ती म्हणाली, "आमच्याकडे एक जुने टिपण आहे, चाळीस पानांचे. सगळे सिद्धांत आहेत त्यात. पण ते वाचून सॉफ्टवेअर सुरू होत नाही. मी आधी एवढंच लिहिते, पहिल्या दिवशी ही पाच कामं कर, आणि पाचवं झाल्यावर पडद्यावर हे दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर चूक तुझी नाही, टिपणाची आहे."

लिहिणाऱ्याचा डोळा

१८७० मध्ये आल्फ्रेड लायल याने वऱ्हाडचे पहिले गॅझेटिअर तयार केले. तो पश्चिम वऱ्हाडचा कमिशनर होता. या पुस्तकात पाऊस आहे, पिके आहेत, इमादशाहीपासूनचा इतिहास आहे, जमिनीचे हक्क आहेत, जाती आहेत, यात्रा आहेत. नव्या साहेबाने ते वाचून आपल्या जिल्ह्यात उतरावे, हा हेतू. पुढे अकोल्याचे १९१० मध्ये आणि अमरावतीचे १९११ मध्ये स्वतंत्र गॅझेटिअर निघाले, आणि महाराष्ट्र सरकारने पुढे त्यांच्या नव्या आवृत्त्या काढल्या. आजही कोणी गावाचा इतिहास लिहायला बसला की आधी तीच उघडतो, मीही.

लायलचा डोळा चांगला होता. वऱ्हाडात हिंदू शेतकरी पिरांच्या दर्ग्यावर नवस फेडतात, संत मेला की त्याची समाधी होते आणि समाधीचा देव होतो, हे त्याने बारकाईने पाहिले आणि पुढे त्यावर निबंध लिहिले. पण तो सत्ता चालवायला आलेला माणूस होता. त्याने जे विचारले ते सत्तेला लागणारे प्रश्न होते. जात कोणती, संख्या किती, सारा किती. विणकर मोमिनाच्या घरात बायका रात्री कशावर बोलतात, कुळाला देशमुखाविषयी काय वाटते, हे त्याच्या रकान्यात बसणारे नव्हते. आणि जे रकान्यात बसले नाही ते पुढच्या साहेबाच्या दृष्टीने नव्हतेच. उलट जे बसले ते घट्ट झाले. सैल असणारी, गावागणिक बदलणारी ओळख छापील पानावर एकदा आली की लोकच तिचा दाखला देऊ लागले.

म्हणून टिपण लिहिणाऱ्याने आपले नाव आणि तारीख खाली लिहावी, असे मला वाटते. हे मी पाहिले, या दिवशी पाहिले, या जागेवरून पाहिले. वाचणाऱ्याला कळले पाहिजे की कोपरे राहून गेले आहेत.

पटवारी परत आला

आता अबुल फजलच्या त्या वाक्याकडे पुन्हा येऊ. त्याने उत्तरेतल्या माणसाला सांगितले होते की तुमचा पटवारी म्हणजे इथला कुलकर्णी. चारशे वर्षांनंतर अकोल्याच्या किंवा दर्यापूरच्या शेतकऱ्याला विचारा, सातबारा कोण देतो? तो म्हणेल, पटवारी. पश्चिम महाराष्ट्रात याच माणसाला तलाठी म्हणतात, सरकारी कागदावरही बराच काळ तलाठीच होते. पण वऱ्हाडच्या तोंडी पटवारी बसला आहे. ज्या शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी 'कुलकर्णी' लिहावे लागले, तोच शब्द इथला झाला आणि कुलकर्णी आडनावापुरते उरले.

१९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आले, तेव्हा या पटवाऱ्यालाही नव्याने शिकावे लागले. मध्य प्रांत-वऱ्हाडचे कायदे वेगळे, मुंबईचे वेगळे. मुंबईकडे गावच्या हिशेबासाठी अँडरसन या अधिकाऱ्याने केलेली नियमपुस्तिका होती. कोणता गाव नमुना कशासाठी, तो कसा भरायचा, एका नमुन्यातली नोंद दुसऱ्याशी कशी ताडून पाहायची, हे त्यात क्रमाने सांगितलेले. जुने महसूल कर्मचारी तिला 'अँडरसन मॅन्युअल' म्हणूनच ओळखतात. सातबारा म्हणजे त्यातला नमुना ७ आणि नमुना १२ एकत्र. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने सगळ्या राज्याला एक कायदा दिला. आता सातबारा मोबाइलवर दिसतो. पण सात म्हणजे काय आणि बारा म्हणजे काय, हे विचारले तर शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलालाही सांगता येत नाही. भाचीच्या साताची गत आणि याची गत सारखीच.

आमची पेटी

हे सगळे मी ईदच्या दुपारी तिला ऐटीत सांगत होतो. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारले, "मामू, नानांची पेटी कुठे आहे?"

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात जुने कागद आहेत. काही मोडीत, काही फारसीत, काही उर्दूत. एका कागदावर मोठा शिक्का आहे. घरात सांगतात की आमच्या मूळ गावच्या मशिदीच्या दिवाबत्तीसाठी दिलेल्या इनामाचा तो कागद. सांगतात म्हणायचे, कारण वाचता कोणालाच येत नाही. माझ्या आजोबांना मोडी यायची. वडिलांना उर्दू यायची, मोडी नाही. मला मराठी आणि उर्दू येते, पण फारसी शिकस्ता अक्षर लागत नाही. भाचीला उर्दूही अडखळत येते. चार पिढ्यांत दर वेळी एक लिपी गळली. आजोबांनी कागद सांभाळले, पण कोणत्या कागदात काय आहे, याची चार ओळींची चिठ्ठी लिहून ठेवली नाही. त्यांना कशाला लागणार होती? त्यांना तर वाचता येत होते.

ही एका घराची गोष्ट नाही. २०२५ मध्ये वक्फ कायदा बदलला आणि मिळकतींची माहिती 'उमीद' पोर्टलवर भरण्याची मुदत आली, तेव्हा गावोगावच्या मशिदी, दर्गे आणि कब्रस्तानांच्या कमिट्या धावू लागल्या. कायद्यावरची चर्चा या ब्लॉगवर स्वतंत्रपणे करता येईल. मी इथे फक्त जे पाहिले ते सांगतो. एका गावात मुतवल्ली वारले होते, आणि कोणती जमीन, कोणता गट नंबर, भाडे कोण देतो, निकाल कोणत्या कोर्टात लागला, हे सगळे त्यांच्याबरोबर गेले होते. मुलगा प्रामाणिक होता. पण त्याच्या हाती एक पिशवी आली होती आणि पिशवीत साठ वर्षांचे कागद, वर-खाली. तीन रात्री आम्ही ते कागद जमिनीवर पसरून लावत बसलो. जे वाचता आले ते लावले. जे आले नाही ते बाजूला राहिले, आणि मुदत थांबत नव्हती.

आपण मुसलमान इतिहासाबद्दल बोलतो तेव्हा गाविलगडाच्या दरवाज्याबद्दल बोलतो, अचलपूरच्या नवाबांबद्दल बोलतो. बोलावे. पण त्याच इतिहासात मुनशी होता, कानूनगो होता, सियाक शिकवणारा उस्ताद होता, नवा सुभा आला म्हणून झालेल्या ग्रंथाला पान जोडणारा अबुल फजल होता. पुढे येणाऱ्या अनोळखी माणसासाठी लिहून ठेवणे ही आपलीच जुनी रीत आहे. ती आपण सोडली. मशिदीच्या कमिटीत, अंजुमनच्या शाळेत, पतपेढीत, सगळीकडे एक जाणता माणूस असतो आणि त्याच्यानंतर अंधार. अमानत म्हणजे नुसता कागद जपणे होत नाही. तो पुढच्याला वाचता येईल असा देणे, हा अमानतीचाच भाग आहे.

त्या ईदनंतर आम्ही पेटीचे काम हाती घेतले आहे. अमरावतीत मोडी वाचणारे एक गृहस्थ भेटले, फारसीसाठी एक मौलाना भेटले. प्रत्येक कागदाला नंबर, त्याचा फोटो, आणि त्याच्याखाली साध्या मराठीत चार ओळी : हा कशाचा कागद, कोणत्या वर्षाचा, कोणाच्या नावाचा, आम्हाला त्यात काय लागले नाही. शेवटी वाचणाऱ्याचे नाव आणि तारीख. मशिदीचा म्हणून सांगितला जाणारा कागद अजून पुरता लागलेला नाही. जेवढा लागला तेवढे लिहिले आहे.

बकरी ईदला भाचीचा फोन आला. तिचे टिपण अकरा पानांचे झाले. पहिल्या पानावर शब्दांची यादी. मग पहिल्या दिवसाची पाच कामे. मग नकाशा, म्हणजे सॉफ्टवेअरचा कोणता भाग कोणाशी बोलतो. मग 'हे असे का आहे' अशी दोन पाने. आणि साताचा पत्ता लागला होता. सहा वर्षांपूर्वी कंपनी सोडलेल्या एका माणसाचा तिने नंबर मिळवला. तो म्हणाला, एका पुराच्या वेळी एकदम खूप दावे आले होते, ते तात्पुरते बाजूला ठेवायला आम्ही सात केला, नंतर काढायचा राहिला. एवढेच. सहा वर्षे सगळे ज्याला भीत होते त्याचे उत्तर एका फोनमध्ये होते. तिने ते एका ओळीत लिहिले आणि पुढे त्या माणसाने सांगितल्याची तारीख घातली.

"नवा मुलगा आला का?" मी विचारले.

"आला. दुसऱ्या दिवशी चालू झालं त्याचं. पण तिसऱ्या कामात माझी एक चूक निघाली."

"मग?"

"त्यालाच म्हटलं, दुरुस्त कर आणि खाली तुझं नाव लिही."